शिबिरातली भोजन समिती आणि वनराई बंधारा: एनएसएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनएसएसच्या, नोंदणीची सूचना महाविद्यालयात लागते तेव्हा बहुतेक जण प्रमाणपत्र आणि वाढीव गुण यांचाच विचार करून नाव देतात, आणि त्यात गैर काही नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष निवासी शिबिर पूर्ण करणे अपेक्षित असते. तासांची वही यथावकाश भरते. माणसे हाताळण्याची सवय मात्र मुख्यतः शिबिरातच लागते.

शिबिराआधी समित्या ठरतात तेव्हा सूत्रसंचालनासाठी चढाओढ असते. नवख्यांनी भोजन समिती मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. किराण्याची यादी, दुकानदाराकडून पक्की पावती, उरलेल्या भाताचे काय करायचे आणि भांडी घासण्याची पाळी कोणाची, हे प्रश्न रोज उभे राहतात आणि त्यांना भाषणाने उत्तर देता येत नाही. पाळ्यांची यादी आदल्या रात्रीच भिंतीवर लावली आणि पहिल्या सकाळच्या पाळीत गटप्रमुखाने स्वतःचे नाव घातले, की निम्मी कुरबूर तिथेच मिटते.

श्रमदानात वनराई बंधाऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे पाणी अडवणाऱ्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधाचे, काम मिळाले तर ते सोडू नये. पावसाळा संपल्यावर ओढ्यात पाणी वाहते असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, दाभणाने सुतळीचे टाके घालून तोंड शिवतात आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून त्यांचे थर रचतात. गोणी काठोकाठ भरली तर ती नीट बसत नाही आणि फटींतून पाणी निसटते, म्हणून तोंडाशी थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. भरणारे उत्साहाने भरत सुटतात, शिवणारे मागे पडतात आणि साखळी तुंबते. अशा वेळी ओरडत न बसता भरणाऱ्यांपैकी दोघांना शिवणीवर बसवणे, हे गटप्रमुखाचे खरे काम. बंधाऱ्याची जागा गावकऱ्यांना विचारूनच ठरवावी, कारण ओढ्याला पाणी कुठवर टिकते हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

गावातील सर्वेक्षणाला भर दुपारी निघू नये. लोक शेतावर असतात, आणि जे घरी असतात ते कागद पाहून कुठली योजना मिळणार असे विचारतात. आपण काय देऊ शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी पहिली भेट कार्यक्रम अधिकाऱ्यांसोबत, म्हणजे महाविद्यालयात एनएसएसचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांसोबत, घ्यावी. पुढच्या भेटींना मात्र स्वयंसेवकांनी स्वतः जावे, अर्ज स्वतः लिहावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. (नोकरीच्या मुलाखतीत शिबिराविषयी विचारले, तर घोषवाक्यांपेक्षा हाच तपशील सांगावा.)

दुसऱ्या वर्षी गटप्रमुखपद मिळाले, तर शिबिर संपताच किराण्याचे प्रमाण, खर्चाचा हिशेब आणि गावातील संपर्क एका वहीत उतरवून ती पुढच्या तुकडीच्या हवाली करावी.