कॉर्दोबाला कधी जावं? तिकिटाआधीची तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर घ्या आणि जुलै-ऑगस्टवर फुली मारा. 'युरोपचा समर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड येतं. कॉर्दोबा आहे दक्षिण स्पेनमध्ये, ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर. जुलैत दुपारचा पारा सरासरी ३७ अंशांच्या आसपास असतो. उष्णतेची लाट आली की तो ४५ ओलांडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये इथल्या विमानतळावर ४६.९ अंशांची नोंद झाली. चंद्रपूरकराला या आकड्याचं काही वाटणार नाही, पण तोसुद्धा मेच्या भर दुपारी हौसेनं गावभर पायी हिंडत नाही. आणि हे गाव पायीच बघायचं आहे.

मग शाळेच्या सुट्ट्या बघा. इथे आपलं नशीब चांगलं आहे. आपली मेची सुट्टी आणि कॉर्दोबातला पातिओंचा उत्सव एकाच वेळी येतात. पातिओ म्हणजे घराच्या मधला उघडा चौक. वाड्यात वाढलेल्यांना तो समजावून सांगायला नको: बाहेर भाजून काढणारं ऊन, आत विहीर, सावली आणि गारवा. फरक एवढाच, की इथे भिंती पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या आणि त्यांवर वरपर्यंत टांगलेल्या जिरेनियमच्या कुंड्या. उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीच्या टोकाला डबा बांधून पाणी घालतात. १९२१ पासून या चौकांची स्पर्धा होते आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात लोक आपल्या राहत्या घराचे दरवाजे पाहुण्यांसाठी उघडतात. पैसे लागत नाहीत, रांग मात्र लागते. शनिवार-रविवार टाळा. राहायची जागा चार-पाच महिने आधी धरून ठेवा, नाहीतर रोज सेव्हियाहून ट्रेननं ये-जा करावी लागेल. वेगवान गाडी पाऊण तासात पोचवते, पण मग रात्रीचं कॉर्दोबा हातचं गेलं.

मार्च-एप्रिलचा विचार असेल तर ईस्टर कधी आहे ते आधी पाहा. तो तारखेवर नव्हे, आपल्या सणांसारखा चंद्रावर ठरतो: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. त्याआधीचा आठवडाभर मिरवणुका असतात, रस्ते अडतात, स्मारकांच्या वेळा बदलतात. मिरवणुकाच बघायच्या असतील तर जरूर जा. नसतील तर तो आठवडा सोडून जा. संत्र्याच्या मोहोराचा वास तेवढ्याच किमतीत मिळतो.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं दिवाळीची सुट्टी धरावी. ऑक्टोबर-अखेरीला दुपारी तेवीस-चोवीस अंश, नोव्हेंबरात आणखी थोडं कमी. पावसाची सर येऊ शकते, म्हणून घडीची छत्री बॅगेत हवीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी स्पेनमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसाचा बेत त्या हिशेबानं आखा. पण या दिवसांत मेस्किता बघायला मिळते ती खरी. आठव्या शतकात सुरू झालेली ही मशीद १२३६ मध्ये कॅथेड्रल झाली. आत ८५६ खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आणि सोळाव्या शतकात मधोमध उभं केलेलं उंच चर्च. गर्दीत खांब दिसतात, खांबांचं रान दिसत नाही. तिकीट सकाळी पहिल्या वेळेचं काढा, आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते हे धरून चाला. पातिओ हुकल्याची हळहळ वाटली तर व्हियाना वाड्यात बारा चौक आहेत, ते वर्षभर तिकीट काढून बघता येतात.

हिवाळा स्वस्त आणि शांत. दिवसा ठीक, रात्री चार-पाच अंश. स्वेटर न्या.

मदिना अझहारा हे दहाव्या शतकातल्या खलिफाचं उद्ध्वस्त राजनगर, शहरापासून आठेक किलोमीटरवर. तिथे सावली जवळजवळ नाही, त्यामुळे मेमध्ये गेलात तर सकाळचीच बस गाठा. सोमवारी ते बंद असतं.

ऋतू पक्का झाला की व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेसाठी नोव्हेंबरातच. निदान पंधरा दिवस आधी तरी तो जायलाच हवा. पण मेच्या गर्दीत त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

सामानात जाड तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट हवेत. जुन्या ज्यू वस्तीच्या गल्ल्या गोट्यांनी फरसबंद आहेत. दुपारी दुकानं बंद राहतात, पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल. शाकाहारी असाल तर साल्मोरेखो हे टोमॅटोचं दाट गार सूप मागवताना 'सिन हामोन' म्हणा, नाहीतर वरून डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरून येतं. मध घातलेली तळलेली वांगी निर्धास्त खा. आणि थंडीत गेलात, रस्त्याकडेच्या झाडांना लगडलेली संत्री पाहून मुलांचे हात शिवशिवले, तर आवरा. ती कडू असतात.