डीव्हीडी ऑथरिंग प्रोग्रॅमची चाचणी आवृत्ती काढण्याआधीची तयारी

ओपन सोर्स डीव्हीडी ऑथरिंग प्रोग्रॅम (व्हिडिओंपासून मेनू आणि चॅप्टर असलेली, प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवणारा) लिहिणारा हौशी प्रोग्रॅमर सहसा एन्कोडर स्वतः लिहीत नाही. त्याच्या खिडकीमागे एफएफएमपेग व्हिडिओ बदलून देतो, स्पूमक्स मेनूची बटणं आणि सबटायटल्स चढवतो, डीव्हीडीऑथर आयएफओ (डिस्कच्या रचनेची माहिती) व व्हीओबी (प्रत्यक्ष व्हिडिओ-आवाज) फायली रचतो, जेनआयसोइमेज त्यांची इमेज (डिस्कची फाइलरूप प्रत) करतो आणि ग्रोआयसोएफएस ती डिस्कवर लिहितो. डीव्हीडीस्टायलर, डेव्हेडे, बोम्बोनो यांनीही डीव्हीडीऑथरचाच आधार घेतला. म्हणून चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधीची तयारी मुख्यतः या जोडांची असते. निकष एकच ठेवा: जी चूक एन्कोडिंग सुरू होण्याआधी पकडता येते, ती तेव्हाच पकडायची. दोन तास पंखा घुमल्यानंतर नुसता एरर कोड पाहणारा माणूस तो प्रोग्रॅम पुन्हा उघडत नाही.

सुरुवात अवजारांपासून. प्रोग्रॅम उघडताच ही पाचही अवजारं सापडतात का, हे बघाच. पण नाव सापडलं म्हणजे अवजार तेच आहे असं धरू नका. लिनक्सच्या काही डिस्ट्रिब्युशनमध्ये इमेज करणाऱ्या एमकेआयसोएफएस या नावामागे प्रत्यक्षात झोरिसो हे दुसरंच अवजार बसलेलं असतं आणि त्याला यूडीएफ लिहिता येत नाही. डीव्हीडी-व्हिडिओला आयएसओ ९६६० आणि यूडीएफ १.०२ या दोन्ही फाइल सिस्टिम एकाच इमेजमध्ये लागतात. तेव्हा व्हर्जन विचारून उत्तरात कोणाचं नाव येतं ते वाचा आणि झोरिसो निघाला तर वापरकर्त्याला तिथेच सांगा. डीव्हीडीऑथरचं दुखणं वेगळं. ०.७ पासून त्याला पाल की एनटीएससी (टीव्हीच्या दोन पद्धती) हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर मेनूच्या टप्प्यावर तो थांबतो. व्हिडिओ फॉरमॅटचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेस सुरू करतानाच भरा, शिवाय डीव्हीडीऑथरला सूचना देणाऱ्या एक्सएमएलमध्येही प्रत्येक मेनू आणि टायटलसेटला (टायटल्सचा, म्हणजे स्वतंत्र व्हिडिओंचा, गट) फॉरमॅट लिहा. दुहेरी लिहिल्याने काही बिघडत नाही.

त्याच एक्सएमएलमध्ये दोन जुने सापळे आहेत. चॅप्टरच्या वेळा छापताना सिस्टिमचं लोकेल (भाषा-प्रदेशानुसार आकडे लिहिण्याची सेटिंग) आड येतं: जर्मन लोकेलमध्ये १२.५ चं १२,५ होतं, आणि चॅप्टरच्या यादीत स्वल्पविराम हाच विभाजक असल्यामुळे एका चॅप्टरचे दोन होतात. एररही येत नाही, फक्त चॅप्टर भलतीकडे उडतात. आकडे छापताना लोकेल ‘सी’ ठेवा आणि एकदा तरी सगळा प्रोजेक्ट जर्मन लोकेलमध्ये चालवून बघा. दुसरा सापळा फायलींच्या नावांचा. मोकळी जागा, अपॉस्ट्रॉफी आणि अँपरसँड असलेली फाइल चाचणीत असायलाच हवी. अँपरसँड एस्केप केला नाही तर एक्सएमएल वाचणारा पार्सर तिथेच अडतो. विंडोजवर लॅटिनबाहेरच्या अक्षरांचे पाथ हा वेगळाच ताप आहे. मधल्या फायलींसाठी स्वतःचा साध्या इंग्रजी नावाचा तात्पुरता फोल्डर करणं हा सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय.

चाचणीसाठी लागणारं चित्रण गोळा करत बसू नका. एफएफएमपेगचा टेस्टसोर्स फिल्टर पडद्यावर चालता आकडा दाखवतो, त्याला साइन टोनचा आवाज जोडला की हवी तितकी लांबी मिळते आणि कॉपीराइटचा प्रश्न उरत नाही. पडद्यावरच सेकंद दिसत असल्यामुळे चॅप्टर बरोबर जागी पडला का, हे डोळ्यांनी कळतं. पाल १६:९, पाल ४:३, एनटीएससी, एक चॅप्टर असलेली, ९९ चॅप्टर असलेली, आवाजच नसलेली, मोबाइलवर काढलेली बदलत्या फ्रेमरेटची, अशा क्लिप आणि त्यांचे प्रोजेक्ट रेपॉझिटरीत ठेवा. मोबाइलची क्लिप विशेष महत्त्वाची. फ्रेमरेट स्थिर न करता ती पुढे ढकलली तर आवाज आणि ओठ हळूहळू दूर जातात, आणि पहिल्या मिनिटाच्या तपासणीत ते दिसतही नाही.

व्हिडिओबाबत नियम थोडे आणि कडक आहेत. पालला ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीला ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम, अ‍ॅस्पेक्ट फक्त ४:३ किंवा १६:९. एफएफएमपेगचा ‘पाल-डीव्हीडी’ टार्गेट (तयार सेटिंगचा संच) आकार, जीओपी (एकत्र एन्कोड होणारा फ्रेमचा गट), बफर, २०४८ बाइटचे पॅकेट, सगळं ठीक बसवतो. त्याच्या डीव्हीडी मक्सरमुळे (व्हिडिओ आणि आवाज एकत्र गुंफणारा भाग) प्रत्येक जीओपीच्या आधी नॅव्हिगेशन पॅकची (प्लेअरला पुढे-मागे जाण्यासाठी लागणाऱ्या माहितीची) रिकामी जागाही सुटते. ही जागा नसलेली साधी एमपेग फाइल दिली की डीव्हीडीऑथर ‘स्किपिंग सेक्टर, वेटिंग फॉर फर्स्ट व्हीओबीयू’ असं छापत राहतो. ‘एससीआर मूव्ह्ज बॅकवर्ड्स’ हा संदेश मात्र वेगळ्या दुखण्याचा. तो बहुधा फायली कच्च्या जोडल्यामुळे टाइमस्टॅम्प मागे गेल्यावर येतो आणि पुन्हा मल्टिप्लेक्स केलं, म्हणजे व्हिडिओ-आवाज नव्याने गुंफले, की जातो. प्रोग्रॅमने हे दोन्ही संदेश ओळखून त्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगावा.

चॅप्टर फक्त व्हीओबीयूच्या (नॅव्हिगेशन पॅकने सुरू होणारा व्हिडिओचा छोटा तुकडा) सुरुवातीलाच पडू शकतो. जीओपी पालमध्ये १५ फ्रेमपर्यंत असतो, म्हणजे चॅप्टर अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त सरकू शकतो आणि आधीच्या दृश्याचं शेपूट दिसतं. उपाय असा की चॅप्टरच्या वेळा एन्कोडिंगच्या आधीच ठरवून घ्यायच्या आणि त्या जागी की-फ्रेम (जिच्यापासून नवा जीओपी सुरू होतो) सक्तीने पाडायची. यासाठी इंटरफेसचा क्रम बदलावा लागला तरी बदला. बंद जीओपी (शेजारच्या जीओपीवर न अवलंबणारा) हवा असेल तर एफएफएमपेगचा एमपेग-२ एन्कोडर दृश्यबदल ओळखण्याचा थ्रेशोल्ड १००,००,००,००० ठेवा म्हणून अडून बसतो. ही विचित्र अट आपल्या कोडमध्येच टाकून द्या, वापरकर्त्याला दाखवू नका.

आता जागेचा हिशोब. सर्वाधिक तक्रारी इथूनच येतात. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते दशमान आहे. कोडमध्ये ४.७ ला १०२४ च्या घनाने गुणलं की सुमारे ३४६ एमबी जास्तीची, नसलेली जागा मिळते आणि बर्न शेवटच्या टप्प्यात फसतं. शिवाय दोन प्रकारच्या डिस्क सारख्या नाहीत: डीव्हीडी-आर २२,९८,४९६ सेक्टरची, म्हणजे ४,७०,७३,१९,८०८ बाइटची, डीव्हीडी+आर २२,९५,१०४ सेक्टरची, म्हणजे ४,७०,०३,७२,९९२ बाइटची. फरक जेमतेम ६.९ एमबी, पण काठोकाठ भरलेल्या इमेजला तेवढा पुरतो. लहान आकडाच आधार धरा.

उदाहरणार्थ १२० मिनिटं, म्हणजे ७२०० सेकंद. एकूण बाइटना ८ ने गुणून सेकंदांनी भागलं की सेकंदाला ५.२२ मेगाबिट. त्यातले ५ टक्के मल्टिप्लेक्सिंग, मेनू आणि फाइल सिस्टिमसाठी काढले की ४.९६. त्यातून एसी-३ आवाजाचे ४४८ किलोबिट गेले की व्हिडिओला सरासरी ४.५ मेगाबिट उरतात. एफएफएमपेगचा टार्गेट तसाच वापरला तर तो ६ मेगाबिट धरतो आणि दोन तासांचा चित्रपट ५.८ जीबीच्या पुढे जातो. उलट बाजूही सांभाळा: ५० मिनिटांच्या क्लिपला हेच गणित ११ मेगाबिटच्या वर आकडा देतं, जो डीव्हीडीच्या नियमातच बसत नाही. व्हिडिओची कमाल मर्यादा ९.८ आणि सगळं मिळून १०.०८. कमाल ९ ठेवून एक एसी-३ ट्रॅक आरामात मावतो, पण १.५३६ मेगाबिटचा अनकम्प्रेस्ड पीसीएम आवाज जोडताच बेरीज १०.५ वर जाते आणि मर्यादा मोडते. कमाल मर्यादा ऑडिओ ट्रॅकच्या बेरजेवरून दर वेळी नव्याने काढा. घरी लिहिलेल्या डिस्कवर सरासरी ८ च्या पुढे न जाणंच शहाणपणाचं, कारण जुने प्लेअर तिथे अडखळतात. दुहेरी थराची डिस्क पहिल्या आवृत्तीत नकोच. तिथे थर बदलण्याची जागा सेलच्या (व्हिडिओचा सलग तुकडा) सीमेवर आणि १६ सेक्टरच्या पटीत आणावी लागते, आणि तपासायला डिस्क बऱ्याच खर्ची पडतात.

आवाजाचं लवकर आटपतं: सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, जास्तीत जास्त ८ ट्रॅक. ४४.१ ची फाइल आली तर गुपचूप बदलून घ्या. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: एका टायटलसेटमधल्या सगळ्या टायटल्सचे व्हिडिओ आणि ऑडिओ गुणधर्म सारखे असावे लागतात. वापरकर्ता ४:३ आणि १६:९ क्लिप एकत्र टाकणारच. त्यांचे वेगळे टायटलसेट प्रोग्रॅमने आपोआप करावेत.

पण टायटलसेट वेगळे केले की उड्यांचे नियम आडवे येतात. एका टायटलसेटमधल्या टायटलवरून दुसऱ्यातल्या टायटलवर थेट जाता येत नाही. संपूर्ण डिस्कच्या मुख्य मेनूतून (व्हीएमजीएम) वळसा घ्यावा लागतो. टायटलवरून मेनूकडे ‘कॉल’, मेनूवरून टायटलकडे ‘जंप’. डीव्हीडीऑथरचा जंपपॅड हा पर्याय असे वळसे स्वतः रचून देतो, तो चालू ठेवा. त्याच्या अंतर्गत कामासाठी प्लेअरच्या १६ रजिस्टरपैकी (आकडे साठवण्याच्या जागा) जी१३ ते जी१५ राखीव असतात, म्हणून तुमच्या कोडने जी० ते जी१२ एवढीच वापरावीत. ‘सगळं चालवा’, ‘शेवटचं बटण लक्षात ठेवा’ अशा सोयी वाढल्या की एका पीजीसीतल्या (एका मेनूचा किंवा टायटलचा चालण्याचा क्रम) १२८ कमांडची मर्यादा जवळ येते. प्री (आधीच्या), पोस्ट (नंतरच्या) आणि सेल कमांड मिळून मोजा. आणि निवडलेलं बटण रजिस्टरमध्ये १०२४ च्या पटीत असतं: पहिलं १०२४, दुसरं २०४८. तिथे नुसता १ लिहिला तर काहीच निवडलं जात नाही.

मेनूला सर्वांत जास्त वेळ द्या. बटणाचं हायलाइट म्हणजे चित्रावर चढवलेली सबपिक्चर, आणि तिच्यात पारदर्शक धरून फक्त चार रंग असतात. सुंदर गोल कडा काढणारी ग्राफिक्स लायब्ररी अँटिअलायझिंगने कडेला डझनभर छटा पेरते आणि स्पूमक्स ते चित्र नाकारतो. हायलाइटचा मास्क काढताना कैरो किंवा क्यूटी या लायब्ररीत अँटिअलायझिंग बंदच करा; कडा खडबडीत दिसतील, इलाज नाही. बटणाचे वरचे आणि खालचे वाय आकडे सम हवेत, आयत एकमेकांवर चढता कामा नयेत, आणि एका मेनूत जास्तीत जास्त ३६ बटणं. १६:९ मेनू असेल तर ही मर्यादा अर्धी होते, कारण वाइडस्क्रीन आणि लेटरबॉक्स (वर-खाली काळ्या पट्ट्या) अशा दोन सबपिक्चर लागतात. दुसरी दिली नाही तर ४:३ टीव्हीवर चित्र आक्रसतं, हायलाइट मात्र जुन्या जागी राहतं. संगणकावर हे कधीच दिसत नाही. सबपिक्चर शून्य वेळेला, फोर्स (सक्तीने दाखवण्याचा पर्याय) चालू ठेवून सुरू करा आणि तिला शेवटची वेळ देऊ नका, नाहीतर मेनू चालू असतानाच बटणं गायब होतात. मेनूला संगीत नसलं तरी शांत एसी-३ ट्रॅक जोडाच. आवाजाशिवायच्या मेनूवर काही प्लेअर लटकतात.

सबटायटल्ससाठी स्पूमक्सचा मजकूर-पर्याय लॅटिन लिपीला ठीक. देवनागरीची जोडाक्षरं तो जुळवत नाही, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. पँगो किंवा लिबास या मजकूर रंगवणाऱ्या लायब्ररीने ओळी पीएनजीत रंगवून मगच स्पूमक्सला द्या.

इमेज करताना डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय विसरू नका. व्हिडिओ टीएस फोल्डरमधल्या फायलींचा क्रम आणि मधली भर तोच सांभाळतो. आयएफओ आणि तिची बीयूपी ही राखीव प्रत एकाच १६ सेक्टरच्या ईसीसी (चूक-दुरुस्ती) ब्लॉकमध्ये आली तर एका ओरखड्याने दोन्ही जातात. बर्न करताना डीव्हीडी-कॉम्पॅटचा पर्याय द्या, म्हणजे डिस्क बंद होते. उघडी राहिलेली डिस्क बरेच टीव्हीखालचे प्लेअर वाचत नाहीत.

तपासणी तीन पायऱ्यांनी करा. आधी फोल्डर व्हीएलसीमध्ये, मग इमेज, मग खरी डिस्क खऱ्या प्लेअरवर. व्हीएलसीमागची लिबडीव्हीडीनॅव्ह लायब्ररी फार समजूतदार आहे, ती बऱ्याच चुका पोटात घालते; म्हणून ‘व्हीएलसीत चालतं’ हे उत्तर धरू नका. निदान दोन वेगळ्या कंपन्यांचे, शक्य तर एक बराच जुना, प्लेअर हाताशी ठेवा. रोजच्या चाचणीला पुन्हा लिहिता येणारी डिस्क चालेल, पण तिचं परावर्तन कमी असल्याने जुना प्लेअर तिला नाकारू शकतो. तो दोष ऑथरिंगचा नव्हे. खात्रीसाठी तीच इमेज एकदा डीव्हीडी-आरवर लिहा. रिमोटवर चारही बाण, ‘मेनू’, ‘टायटल’, पुढचा चॅप्टर आणि शेवटच्या चॅप्टरनंतरचा ‘पुढे’ एवढं दाबून बघा. शेवटचंच बहुधा फसतं, कारण पोस्ट कमांड लिहायची राहून गेलेली असते.

उरलं पॅकेजिंग. डीव्हीडीऑथर जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे, तेव्हा इन्स्टॉलरसोबत तो देत असाल तर त्याचा सोर्सही द्यावा लागतो. एफएफएमपेगची नॉनफ्री बांधणी वाटताच येत नाही, आणि एमपेग-२ व एसी-३ साठी तिची गरजही नाही. आयकॉनमध्ये डीव्हीडीचा अधिकृत लोगो वापरू नका, तो परवान्याखालचा ट्रेडमार्क आहे. प्रत्येक अवजाराची पूर्ण कमांड, त्याचं व्हर्जन आणि त्याने छापलेली प्रत्येक ओळ एकाच लॉग फाइलमध्ये जाऊ द्या, आणि तयार झालेलं एक्सएमएल काम फसल्यावर पुसू नका. ‘लॉग आणि एक्सएमएल एकत्र सेव्ह करा’ असं बटण मदत मेनूत हवं. त्या फायलींमध्ये वापरकर्त्याच्या होम फोल्डरचं नाव येतं, ते सेव्ह करतानाच झाकून टाका.