डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तर

ऑगस्टच्या अखेरीस पहिली डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, नोटीस बोर्डावर लागते आणि स्टाफरूमच्या दाराशी एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, मुलांची रांग लागते. कल्याणच्या पुढच्या एका कॉमर्स कॉलेजात मी शिकवते, हजेरीच्या कमिटीतही बरीच वर्षं आहे. त्या रांगेतल्या बहुतेकांचं सेमिस्टर वाचू शकतं. हातातून जातं ते ऑक्टोबरमध्ये धावत येणाऱ्यांचं. म्हणून यंदा नव्याने कॉलेजात आलेल्यांसाठी हे जरा सविस्तर.

आधी नियम. मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ६०८६ प्रमाणे टर्म मंजूर व्हायला, म्हणजे ते सेमिस्टर धरलं जायला, दोन गोष्टी लागतात: सगळ्या विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के, आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. ही दुसरी अट कित्येकांना माहीतच नसते. सरासरी ७८ आहे म्हणून निर्धास्त असलेली मुलगी एका विषयात ४२ वर अडकते आणि लिस्टमध्ये येते. कसारा-कर्जतकडच्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. लोकल रखडली की पहिलं लेक्चर गेलंच, आणि टाइमटेबल असं असतं की पहिलं लेक्चर बहुतेक वेळा त्याच एका विषयाचं. अशांनी जुलैतच क्लास टीचरला गाठून सांगावं. टाइमटेबल पक्कं व्हायच्या आधी थोडंफार इकडेतिकडे करता येतं, नंतर कोणी हात लावत नाही.

दुसरीकडे शिकत असाल तर आपापला नियम वाचा. लॉला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के आहे, मेडिकलला थिअरी ७५ आणि प्रॅक्टिकल ८०. मित्राच्या कॉलेजात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल, असं धरून बसू नका.

आता हिशोब. नाव लागलं की पहिल्यांदा ऑफिसमधून किंवा क्लास टीचरकडून विषयवार आकडे घ्या. किती लेक्चर्स झाली, तुम्ही किती बसलात. नुसती टक्केवारी कामाची नाही. गेल्या वर्षी एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रात्रपाळी करून सकाळी कॉलेजला यायचा, निदान यायचा प्रयत्न करायचा. डोळे तांबारलेले, आणि "मॅडम, माझं वर्ष गेलं का?" एवढंच विचारत होता. हजेरीपट काढला. १८० लेक्चर्स झालेली, तो ११७ ला हजर, म्हणजे ६५ टक्के. १८० चे ७५ टक्के १३५, म्हणजे १८ कमी. त्याला वाटलं, १८ लेक्चर्स बसलो की झालं. तसं होत नाही, कारण तुम्ही बसता तशी एकूण लेक्चर्सही वाढत जातात. ७५ टक्क्यांसाठी तूट चौपट करायची: १८ चोक ७२. पुढची ७२ लेक्चर्स एकही न चुकवता बसला तर १८९ भागिले २५२, बरोबर ७५. रोजची पाच धरली तर पंधरा दिवसांचं काम. इकॉनॉमिक्समध्ये तो ३० पैकी १२ ला होता. ५० टक्क्यांसाठी तूट दुप्पट करायची: ३ कमी, म्हणून सलग ६.

हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून त्याने शेजारी टाइमटेबल मांडलं, मध्ये येणाऱ्या गणपतीच्या सुट्ट्या खोडल्या. मग सुपरवायझरशी बोलून महिनाभर दुपारची पाळी मागून घेतली. दुसऱ्या लिस्टमध्ये त्याचं नाव नव्हतं. हाच हिशोब ऑक्टोबरमध्ये मांडला असता तर ७२ लेक्चर्स शिल्लकच नसती. म्हणून लिस्ट लागली त्याच दिवशी या, असं मी प्रत्येक वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

आजारपण असेल तर कागद लगेच द्या. डेंग्यू, टायफॉइड, कावीळ, पावसाळ्यात हे होतंच, आणि खरोखर आजारी पडलेल्या मुलाला कमिटी अडवायला बसलेली नसते. पण डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, रजिस्ट्रेशन नंबर असलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, हे बरं होऊन आल्याच्या आठवड्यात अर्जासोबत जमा करा आणि झेरॉक्सवर ऑफिसचा इनवर्ड, म्हणजे कागद मिळाल्याचा, शिक्का घ्या. परीक्षेच्या तोंडावर एकदम महिनाभराचं सर्टिफिकेट आणलं की खऱ्या आजारावरही संशय येतो, आणि हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं. घरी कोणाचं ऑपरेशन असेल, कोणी गेलं असेल, तेही लिहून द्या. पोरं हे सांगायला संकोचतात. आम्हाला कळलंच नाही तर शिफारस कशाच्या जोरावर करायची?

एनएसएस, एनसीसी, खेळाच्या स्पर्धा यांतली गैरहजेरी असेल तर संबंधित सरांच्या सहीची तारखांची यादी जोडा. शिक्षकांसोबत गेलेली अभ्याससहल असेल तर त्या दिवशीची लेक्चर्स हजेरीत धरली जातात, पण ती हजेरीपटावर चढली आहेत का हे तुम्हीच तपासा. ती राहून गेल्याने लिस्टमध्ये आलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रॉक्सीच्या, म्हणजे मित्राकडून आपली हजेरी लावून घेण्याच्या, वाटेला जाऊ नका. सापडली तर तुमच्यासोबत मित्रही अडकतो.

हजेरी भरून निघाली तरी बुडालेला भाग तसाच असतो. त्याला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मधला मोकळा तास. सिलॅबसची प्रत घ्या, शिकवून झालेल्या मॉड्यूलवर खूण करा आणि त्या त्या शिक्षकांना नेमकं विचारा, "सर, डेप्रिसिएशनची कोणती गणितं आधी करू?" असं विचारणाऱ्याला कोणीही शिक्षक परत पाठवत नाही. "सगळंच राहिलंय" म्हणणाऱ्याला काय सांगावं, ते मात्र आम्हालाही सुचत नाही. इंटर्नल आणि प्रोजेक्टच्या तारखा पहिल्याच दिवशी लिहून घ्या, कारण ते मार्क नंतर भरून काढायची संधी कमीच मिळते.

एवढं करूनही शेवटच्या लिस्टमध्ये नाव राहिलं तर कमिटीपुढे जावं लागतं, आणि पालकांना पत्र जातं. ते पत्र पोहोचायच्या आत घरी स्वतः सांगा. रिक्षा बंद ठेवून, दिवसाची कमाई सोडून आलेले वडील आमच्यासमोर पहिल्यांदा आकडे ऐकतात, तेव्हा मुलाच्या बाजूने बोलायला त्यांच्याकडे काही उरत नाही. विषयवार आकडे, अर्ज, शिक्के असलेल्या झेरॉक्स हे सगळं एका फाइलमध्ये लावा आणि आदल्या रात्री ती फाइल त्यांना उघडून दाखवा. कमिटीत पहिला प्रश्न "लेक्चर्स का बुडाली?" हाच असतो. उत्तर तुम्ही द्या, वडिलांना द्यायला लावू नका.