कॅन्ससच्या लहान गावात राहायला यायचंय? आधी फेब्रुवारीत येऊन बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी फोन करतं, डॅलसहून नाहीतर न्यू जर्सीहून, आणि विषय तोच, "तुमच्याकडे म्हणे सव्वा लाख डॉलरला घर मिळतं, आम्ही यावं का?" मिळतं ना. चार बेडरूम, खाली बेसमेंट, मागे एवढं मोठं अंगण की गवत कापता कापता रविवार संपतो. पण घर स्वस्त आहे म्हणून येणार असाल तर येऊ नका, कारण इथे घर घेणं सोपं आणि विकणं कठीण, आणि ते स्वस्त का आहे याचं उत्तर त्यातच आहे.

मी मूळची बार्शीची, फिजिओथेरपिस्ट, इथल्या हॉस्पिटलात काम करते. नवरा आयटीत, घरूनच काम करतो, दोन मुलं. सलायना शहरापासून पाऊण तासावर अडीच हजार वस्तीच्या गावात सात वर्षं झाली. त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं कॅन्ससचं आहे, मिनेसोटा-डकोटाची थंडी वेगळी, तिथल्यांना विचारा.

सगळ्यात आधी व्हिसा, कारण आपल्या लोकांचं घोडं तिथेच पेंड खातं. एचवनबीवर, म्हणजे एका मालकाशी बांधलेल्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर गावात तुमच्या कामाचे मालक किती आहेत ते मोजा. बहुतेक वेळा उत्तर येतं एक. ती नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात, आणि तेवढ्यात दुसरी नोकरी, तिची पिटिशन (नव्या मालकाने सरकारकडे करायचा व्हिसाचा अर्ज), मुलांची शाळा आणि न विकलं जाणारं घर हे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून येण्याआधीच तासाभराच्या ड्राइव्हवर दुसरी नोकरी कुठे मिळू शकते ते कागदावर लिहून काढा. एकही नाव सुचलं नाही तर पहिली दोन वर्षं भाड्याने राहा (भाड्याची घरंसुद्धा पटकन मिळत नाहीत, हॉस्पिटलच्या किंवा शाळेच्या ऑफिसात विचारा, ऑनलाइन काही दिसणार नाही).

नवरा किंवा बायको रिमोट काम करणारी असेल तर अजून एक. "रिमोटच आहे ना मग कुठूनही करा" असं एचआर सहज म्हणून जातं, आमच्याही वेळी म्हणालं होतं, पण एचवनबीवर कामाची जागा दुसऱ्या महानगराच्या परिसरात किंवा रोज जाऊन-येऊन करता येणार नाही इतकी लांब गेली तर अमेंडमेंट, म्हणजे त्या अर्जातला बदल, आधी फाइल करावी लागते, 2015 पासून याबद्दल शंकाच उरलेली नाही. आम्ही ट्रक बुक केला होता आणि वकिलाचा फोन आला की थांबा. ट्रकचे पैसे गेले, तीन आठवडे खोक्यांवर बसून जेवलो.

डॉक्टर मंडळींचं गणित वेगळं. जे-वन व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरांना आधी दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, ती माफ करून घेऊन (जे-वन वेव्हर) येणाऱ्यांसाठी दर राज्याला वर्षाला 30 जागा असतात आणि तीन वर्षं तिथे काम करायचं बंधन असतं. तीन वर्षं म्हणजे मूल बालवाडीतून पहिलीत जातं एवढा काळ, तेव्हा "तीन वर्षं काय, डोळे मिटून काढू" असं म्हणू नका, डोळे उघडे ठेवूनच गाव निवडा. फिजिओ आणि नर्स यांना ग्रीन कार्डसाठी लेबर सर्टिफिकेशनची (या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही हे आधी सिद्ध करायची) पायरी लागत नाही हा फायदा आहे, पण पुढची भारतीयांची रांग तीच, ती काही गहू बघून हलत नाही.

"फुकट प्लॉट"च्या बातम्या दर वर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्या खऱ्या आहेत, कॅन्ससमध्ये लिंकन, मार्केट (Marquette, हे गावाचंच नाव) अशा गावांनी घर बांधणाऱ्यांना प्लॉट दिलेत. पण अट असते की ठरलेल्या मुदतीत घर बांधायचं, आणि बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत बँकेचा अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) लावत नाही, कारण आजूबाजूची जुनी घरं निम्म्याला गेलेली असतात. म्हणजे वरचा फरक तुमच्या खिशातून. तसंच राज्याची 2011 पासूनची रूरल ऑपॉर्च्युनिटी झोनची योजना आहे, त्यात स्टुडंट लोनपैकी 15 हजार डॉलरपर्यंत पाच वर्षांत फेडायला मदत मिळते, पण त्यासाठी काउंटीने नाहीतर तुमच्या मालकाने त्यात वाटा उचलायला लागतो, तेव्हा आधी काउंटी ऑफिसला फोन करून चालू आहे का ते विचारा मगच हिशोबात धरा.

आता येऊन बघायचं. लोक मे-जूनमध्ये येतात, गहू सोन्यासारखा पिवळा झालेला असतो, आभाळ एवढं मोठं, फोटो काढतात आणि प्रेमात पडतात. फेब्रुवारीत या. मंगळवारी-बुधवारी या, वीकएंडला नको. सगळं करडं दिसेल, झाडाला पान नाही, आणि वारा. वाऱ्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची आणि दार हाताने घट्ट धरूनच उघडायचं, आमच्या पहिल्या गाडीचं दार पहिल्याच महिन्यात उलटं फिरलं, बिजागरीसकट. त्या वाऱ्यात मेन स्ट्रीटवर चालत जा आणि मोजा. किराणा दुकान चालू आहे का (आणि कोणाच्या मालकीचं, मालक सत्तरीचा असेल तर पुढे कोण चालवणार हेही विचारा), औषधाचं दुकान, हॉस्पिटल, हायस्कूल. या चारातलं एक जरी बंद पडलेलं दिसलं तर बाकीची मागोमाग जातात, आणि शाळा गेली की गाव गेलंच. किती दुकानांच्या काचेवर आतून कागद चिकटवलाय ते बघा. दुपारी कॅफेत जा, दोनला बंद होतो. शाकाहारी असाल तर ग्रिल्ड चीज मिळेल, ग्रीन बीन्स मागू नका, त्यात बेकन असतं.

हॉस्पिटलात स्वतः जाऊन विचारा की इथे काय काय होतं. लहान गावातली बरीच हॉस्पिटलं क्रिटिकल अॅक्सेस प्रकारची असतात, म्हणजे जास्तीत जास्त 25 खाटा, आणि त्यातल्या कित्येकांनी बाळंतपणं बंद केलीत. मी रोज ज्या इमारतीत काम करते तिथे माझंच दुसरं बाळंतपण होऊ शकत नव्हतं, सलायनाला गेलो, जानेवारीत, पहाटे, रस्त्यावर काळं बर्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा निसरडा थर. बाळ होऊ द्यायचा विचार असेल तर हा प्रश्न पहिला.

पाळणाघराचं तर बोलूच नका. गावात दोन बायका घरी मुलं सांभाळतात आणि दोघींकडे वेटिंग लिस्ट, मी नोकरी स्वीकारायच्या आधी नाव नोंदवलं म्हणून निभावलं. काही शाळा आठवड्याला चारच दिवस भरतात, मग पाचव्या दिवशी मूल कुठे ठेवणार तेही बघा.

घर बघताना रंगरंगोटीकडे बघू नका, बेसमेंटमध्ये उतरा. इथली माती काळी चिकण, पावसात फुगते, उन्हात आकसते, आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच. त्यामुळे भिंतीला आडवी भेग आहे का, भिंत आत झुकलीय का ते बघा, उभ्या बारीक भेगा त्यामानाने किरकोळ. रेडॉनची (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट करा, लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या वर आली तर पाइप आणि पंखा बसवायला लागतो, कॅन्ससमध्ये बऱ्याच घरांत जास्त निघतो. जुन्या घराची सांडपाण्याची लाइन मातीच्या पाइपची असते आणि झाडाची मुळं आत शिरतात, कॅमेरा घालून बघायला सांगा. गावाबाहेर विहिरीचं पाणी असेल तर नायट्रेट तपासा, लहान बाळ असेल तर नक्कीच.

टॅक्सचा हिशोब असा. घराच्या किमतीचे 11.5 टक्के धरतात आणि त्यावर मिल लेव्ही लावतात, एक मिल म्हणजे हजारी एक डॉलर. सव्वा लाखाच्या घराचे झाले 14,375, लेव्ही समजा 160 मिल, तर वर्षाला 2,300 डॉलर. हे बरं आहे. दुखतं ते इन्शुरन्सला, गारपिटीमुळे. पॉलिसीत वारा-गारांचं डिडक्टिबल वेगळं असतं आणि टक्क्यात असतं, घर अडीच लाखाला इन्शुअर असेल आणि 2 टक्के लिहिले असतील तर पहिले पाच हजार तुमचे. छप्पर किती वर्षांचं हा प्रश्न म्हणूनच घराच्या किमतीच्या आधी विचारा.

टॉर्नेडोची भीती घरच्यांना जास्त असते. भीती खोटी नाही, 4 मे 2007 ला ग्रीन्सबर्ग नावाचं गाव ईएफ-5, म्हणजे सगळ्यात तीव्र श्रेणीच्या टॉर्नेडोत जवळजवळ 95 टक्के उद्ध्वस्त झालं, 11 माणसं गेली. पण रोजच्या जगण्यात एवढं पाठ करा, वॉच म्हणजे हवा तशी झालीय, लक्ष ठेवा, वॉर्निंग म्हणजे आत्ता खाली जा. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या, कारण वीज आणि मोबाइल दोन्ही त्याच वेळी जातात. आमच्याकडे सोमवारी दुपारी बाराला भोंग्याची टेस्ट होते, पहिल्या सोमवारी मी कुकर गॅसवर तसाच ठेवून बाळाला घेऊन बेसमेंटमध्ये बसले होते, शेजारच्या आजी गवताला पाणी घालत होत्या.

घरच्यांचा दुसरा प्रश्न गोळीबाराचा. 22 फेब्रुवारी 2017 ला ओलेथला बारमध्ये एका भारतीय इंजिनिअरचा वर्णद्वेषातून खून झाला, दुसरा जखमी झाला, मध्ये पडलेल्या एका स्थानिक माणसालाही गोळी लागली. ते कॅन्सस सिटीचं उपनगर, गाव नाही, पण म्हणून इथे सगळं गोड आहे असं मी सांगणार नाही. सात वर्षांत मला दोनदा कोणीतरी वाईट बोललंय. त्याहून जास्त वेळा लोक नुसतं बघतात, मग ओळख झाली की बघायचं थांबतात. स्टीअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करायची पद्धत आहे, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला करायचा, ओळख असो नसो. पहिल्या दिवसापासून करा. आणि पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण) बोलावलं की जा, तिखट कमी घालून बटाट्याची भाजी न्या, भांडं रिकामं परत येतं. चिलीसोबत (मांस आणि राजम्याचा दाट रस्सा) गोड सिनॅमन रोल खातात, हसू नका, दुसऱ्या वर्षी तुम्हीही खाल.

पण एकांत मिळेल असं समजून येऊ नका. इथे गर्दी नाही म्हणजे खाजगीपण आहे असं नाही. माझे आई-बाबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, "वडिलांचा गुडघा कसा आहे?" मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. बार्शी सोडून इतक्या लांब आले आणि परत गल्लीतच राहायला आले असं वाटलं.

खाण्याचं म्हणाल तर महिन्यातून एकदा विचिटा शहर, जाऊन-येऊन दोनशे माइल, गाडीत दोन कूलर. गॅरेजमध्ये चेस्ट फ्रीजर घ्याच, त्याशिवाय जमत नाही. किराण्यावरचा राज्याचा सेल्स टॅक्स 2025 पासून शून्य झालाय, स्थानिक टॅक्स राहतो. चपातीसाठी इथल्या हार्ड व्हाइट गव्हाचं पीठ चालतं.

भाकरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बाबा ऑक्टोबरमध्ये आले होते, त्यांना गावाच्या टोकाला एलेव्हेटर दाखवायला नेलं, म्हणजे धान्याची ती उंच पांढरी कोठारं, आपल्या बाजार समितीचं काम तिथे होतं. ट्रकची रांग होती, आणि बाजूला जमिनीवर लाल धान्याचा डोंगर ओतलेला, दोन मजली घराएवढा. मी म्हटलं इथले लोक याला मायलो म्हणतात, गुरांना जातं आणि इथेनॉलला. बाबा काही बोलले नाहीत, खाली वाकून मूठभर उचललं, फुंकर मारली, दाताखाली एक दाणा फोडला. मग म्हणाले, "अगं हा मिलो. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर हाच यायचा. मी बारा वर्षांचा होतो. भाकरी थापली की तुटायची, आणि आई म्हणायची, अमेरिकेत हे जनावरं खातात." मायलो म्हणजे ज्वारीच, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्सस पिकवतं हे मला माहीत होतं, पण ती आमच्या घरात कधी येऊन गेलीय हे माहीत नव्हतं. ट्रकवाला खाली उतरून बघायला आला, मी त्याला थोडक्यात सांगितलं, त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "चवीला कशी लागायची?" बाबा मराठीतच म्हणाले, "कडू." ते भाषांतर मी केलं नाही, चेहऱ्यावरून त्याला कळलं.

इंटरनेट राहिलंच. गावात फायबर आहे, डॅलसपेक्षा चांगलं, पण हद्दीबाहेर दोन माइलवर नाही, तेव्हा घराचा नेमका पत्ता देऊन कंपनीकडून लेखी घ्या. आणि आई-बाबांना आणायचं तर विमानतळ कॅन्सस सिटीचा धरा, तिथून साडेतीन तास गाडी, जेटलॅगवाल्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री तिथेच हॉटेलात झोपवा.

एवढं वाचूनही यायचं असेल तर फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी या, आमच्या बेसमेंटमध्ये दोन गाद्या आहेत. येताना विचिटाहून कोथिंबीर आणि कढीपत्ता आणा, आमचा संपलेला असेल.