टेस्ट ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या पार्किंगपर्यंत न्या

गाडी आवडते, किमतीचं बोलणंही होतं, आणि मग "घरी विचारून सांगतो" म्हणून गिऱ्हाईक जातं ते जातंच. बऱ्याचदा घोडं पार्किंगवर अडलेलं असतं, पण ते कुणी बोलून दाखवत नाही.

१. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता त्यांच्या घरावरून ठेवा.
२. त्यांच्या जागेत गाडी त्यांनाच लावू द्या. तुम्ही गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड).
३. दार उघडून नीट उतरता येतं का, खांब आड येतो का, डिकी उघडताना भिंतीला लागते का, तिथंच बघा. घरची मंडळी खाली आली तर मागच्या सीटवर बसवा.

मावत नसेल तर सरळ लहान मॉडेल दाखवा.

किल्ली देण्याआधी लायसन्स मात्र बघाच, माणूस ओळखीचा असला तरी.