नाव एक, लेखक दोन : सूची करताना या चुका टाळा

मराठी पुस्तकाचा लेखक केवळ नाव आणि आडनाव यांवरून ठरत नाही, हे सूचीच्या कामाला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगतो आणि तरीही त्याच त्या चुका पुन्हा माझ्यापुढे येतात. पुण्यात ग्रंथालये, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांची वाण नाही. त्यामुळे एका यादीतली चूक दुसऱ्या यादीत आणि तिथून एखाद्या प्रबंधात उतरायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या चुका सर्वांत जास्त नुकसान करतात, त्या येथे लिहून ठेवतो.

वडिलांचे नाव गाळणे

ही सगळ्यांत मोठी चूक आहे आणि ती आळसातून होते. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयाने आपली कार्डे संगणकावर चढवून घेतली, तेव्हा काम घेणाऱ्यांनी नोंदीसाठी दोनच रकाने ठेवले होते, नाव आणि आडनाव. कार्डावर ‘जोशी, वामन मल्हार’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते आणि दुसऱ्या कार्डावर ‘जोशी, वामन गोपाळ’ या नावापुढे कुणा जुन्या ग्रंथपालाने पेन्सिलीने ‘वीर’ असा शब्दही जोडलेला होता. संगणकावर मात्र दोघेही नुसते वामन जोशी झाले. ‘रागिणी’ आणि ‘सुशीलेचा देव’ या कादंबऱ्या, तसेच ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही नाटके एकाच लेखकाच्या नावाखाली दिसू लागली.

पुढे एक विद्यार्थिनी वामन मल्हारांवरच्या प्रबंधाचे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. तिने त्या यादीवर विसंबून एक सबंध उपपत्ती उभी केली होती : तत्त्वचर्चा करणारा कादंबरीकार रंगभूमीवर जाताच आवेशपूर्ण राष्ट्रीय नाटके कशी लिहू लागला, आणि एकाच मनात हे दोन सूर कसे नांदले. लिखाण मन लावून केलेले होते. मी कपाटातून दोन्ही लेखकांचे एकेक पुस्तक काढून आणले आणि आतली शीर्षकपृष्ठे तिच्यासमोर शेजारी शेजारी उघडून ठेवली. तिला ते सारे प्रकरण नव्याने लिहावे लागले, आणि त्यात दोष तिच्यापेक्षा त्या दोन रकान्यांचा अधिक होता.

या जोडीत चरित्रातील खुणाही फारशा मदतीला येत नाहीत. दोघांच्या जन्मात जेमतेम वर्षाचे अंतर आहे आणि दोघांनीही इंग्रजी राजवटीत तुरुंगवास भोगला. वेगळे ओळखण्याचा भरवशाचा आधार म्हणजे मल्हार आणि गोपाळ ही वडिलांची नावे, आणि आपण नेमकी तीच गाळतो.

असेच दोन पुरुषोत्तम देशपांडे आहेत. पु. ल. हे पुरुषोत्तम लक्ष्मण आणि ‘बंधनाच्या पलीकडे’ लिहिणारे पु. य. हे पुरुषोत्तम यशवंत. ‘साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले’ असे म्हणूनही येथे भागत नाही, कारण पु. य. यांना १९६२ साली ‘अनामिकाची चिंतनिका’ या ग्रंथासाठी आणि पु. ल. यांना १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी तो मिळालेला आहे.

माझी स्वतःची सवय साधी आहे. मी वहीत आधी वडिलांचे नाव लिहितो, मग लेखकाचे आणि शेवटी आडनाव. ही रीत कोणत्याही शास्त्रात बसत नाही, पण त्यामुळे मधले नाव मिळाल्याखेरीज नोंद पुढेच सरकत नाही.

आद्याक्षरे अंदाजाने फोडणे आणि इंग्रजी संदर्भांवर विसंबणे

इंग्रजी ग्रंथात ‘व्ही. के. राजवाडे’ असे दिसले की नवशिका क्षणाचाही विचार न करता इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे असे लिहून मोकळा होतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणारे आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे राजवाडे सर्वांना ठाऊक असतात. पण त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ हे वैदिक वाङ्मयाचे मोठे अभ्यासक होते आणि यास्काच्या ‘निरुक्ता’वरचे काम त्यांचे आहे. मराठीत वि. का. आणि वै. का. असा निदान एका मात्रेचा फरक राहतो. इंग्रजीत तोही पुसला जातो. बंधू असल्यामुळे वडिलांचे नावही येथे कामाला येत नाही. अशा वेळी विषय पाहावा, प्रकाशक पाहावा आणि शक्य तेथे मूळ प्रत हाती घ्यावी. त्याच पुण्यात अहिताग्नी राजवाडे, म्हणजे शंकर रामचंद्र, हेही होऊन गेले. तेव्हा नुसते ‘राजवाडे म्हणतात’ असे लिहिणाऱ्याची टीप मी परत पाठवतो.

रूढ नाव आणि खरे नाव यांची गल्लत

‘वासूनाका’ लिहिणाऱ्या भाऊ पाध्ये यांचे नाव प्रभाकर नारायण पाध्ये. ‘सौंदर्यानुभव’ लिहिणारे समीक्षक प्रभाकर पाध्ये हे प्रभाकर आत्माराम. पाळण्यातले नाव शोधून काढल्याचा उत्साह आवरावा आणि भाऊंना पुस्तकावर आहे त्याच नावाने नोंदवावे. खरे नाव जोडनोंदीत, म्हणजे मुख्य नोंदीकडे वळवणाऱ्या पूरक नोंदीत, द्यावे.

कवींच्या टोपणनावांचेही तसेच आहे. कवी ‘माधव’ म्हणजे माधव केशव काटदरे. माधव ज्यूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. नुसते ‘अनिल’ म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे.

नाममुद्रेवरून कर्ता ठरवणे

‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा, म्हणजे कवीने रचनेतच गुंफलेले आपले नाव, दिसली की अभंग संत नामदेवांचा, ही समजूत सोडून द्यावी. नंतरच्या काळातील विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवांच्या छापील गाथांमध्ये मिसळल्या गेल्या आहेत. म्हणून अभंग उद्धृत करताना गाथेची आवृत्ती आणि अभंगाचा क्रमांक दोन्ही द्यावेत. कुणी तरी पाठवलेला अभंग उचलून खाली ‘संत नामदेव’ असे लिहिणे हा अभ्यास नव्हे.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या चुका

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक रमाबाई रानडे यांचे आहे, पंडिता रमाबाईंचे नव्हे. ‘पानिपत’कार विश्वास पाटील आणि विश्वास नांगरे पाटील वेगळे. मुखपृष्ठावरून नोंद करू नये. आतले शीर्षकपृष्ठ हेच प्रमाण मानावे.

विक्रीच्या याद्यांत कथाकार अरविंद गोखले यांच्या ‘नजराण्या’शेजारी ‘मंडालेचा राजबंदी’ ठेवलेले असते. टिळकांवरचे ते पुस्तक पत्रकार अरविंद व्यं. गोखले यांचे आहे, आणि त्यातला ‘व्यं.’ वाचण्याचे कष्टही कुणी घेत नाही. कथाकार गोखले १९९२ साली निवर्तले, ही खूण उपयोगी आहे, मात्र त्यानंतरचे प्रत्येक पुस्तक दुसऱ्यांचे असे समजू नये. आवृत्तीच्या पानावर पहिल्या आवृत्तीचे साल पाहावे, कारण पुनर्मुद्रणे होतच राहतात.

नव्या लेखकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की आपल्या नावाचा लेखक आधीपासून असेल, तर पहिल्याच पुस्तकावर मधले नाव घालावे. इंग्लंडच्या विन्स्टन चर्चिल यांना त्याच नावाचा अमेरिकन कादंबरीकार प्रसिद्ध असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी १८९९ साली त्याला पत्र लिहून आपण पुस्तकांवर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ असे छापू, असे कळवले. आपल्याकडे मधले नाव लिहिण्याची रीत आयतीच आहे. ती जुनाट म्हणून टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

शंका राहिली, तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. तिच्या दोन भागांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील पुस्तके आहेत. त्यापुढच्या पुस्तकांसाठी ग्रंथालयात जाऊन प्रत मागावी, शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान वाचावे, आणि मगच नोंद करावी.