एनक्लेक्सची तारीख घेण्याआधी

परदेशात नर्स म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा द्यायची असेल, तर पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र, शेवटच्या वर्षाची मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, हे चार कागद कपाटातून काढा, शेजारी शेजारी मांडा आणि चारही ठिकाणचं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचा. पुस्तक त्यानंतर उघडा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. कुठे वडिलांचं नाव गळलेलं, कुठे दीपालीच्या स्पेलिंगमध्ये डबल ई तर कुठे आय. एनक्लेक्सच्या केंद्रावर पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात, आणि फी बुडते ती बुडतेच. माझं लग्न निकालानंतर काही महिन्यांत झालं आणि हौसेनं मी पासपोर्ट नव्या आडनावानं करून घेतला. मार्कशीट माहेरच्या नावाची, रजिस्ट्रेशन माहेरचं, पासपोर्ट सासरचा. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, कौन्सिलमधली नावाची दुरुस्ती यातच पावसाळा गेला. लग्न ठरत असेल तर जरूर करा, पण नाव बदलायचं की नाही ते अर्ज भरण्याआधी ठरवा.

मग प्रश्न येतो, परीक्षा नक्की कुठल्या देशासाठी? हे ठरल्याशिवाय ‘कधी’ला अर्थ नाही. अमेरिकेसोबत कॅनडानंही २०१५पासून हीच परीक्षा घेतली आहे. ऑस्ट्रेलियात २०२०पासून आपल्यासारख्या परदेशी पदवीच्या नर्सना आधी एनक्लेक्स आणि मग तिकडे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा असा रस्ता आहे. अमेरिकेचं म्हणाल, तर भारतात जन्मलेल्यांसाठी नर्सच्या ग्रीनकार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे. एजंट हे सांगत नाहीत, ‘पास व्हा, लगेच जा’ एवढंच सांगतात. म्हणून आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा उगाच लवकर देऊन ठेवू नका. तो निकाल दोन वर्षंच चालतो. नवरा आधीच तिकडे असेल आणि तुम्ही त्याच्या व्हिसावर जाणार असाल, तर मात्र सगळं गणित वेगळं.

देश अमेरिका असेल तर राज्यही आत्ताच निवडा. सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) नसताना अर्ज घेणारी राज्यं वेगळी, न घेणारी वेगळी. फ्लोरिडात तीनदा नापास झालं की पुढच्या प्रयत्नाआधी उजळणीचा कोर्स करावा लागतो. मैत्रिणीनं जे राज्य घेतलं ते डोळे झाकून घेण्यात शहाणपण नाही, तिची कागदपत्रं वेगळी असतात.

खरा वेळ खातात ते कागद. पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या सीजीएफएनएसला (२०२५मध्ये तिचं नाव ट्रूमेरिट झालं) ट्रान्सक्रिप्ट (विषय, तास आणि गुणांचा तपशील) कॉलेजकडूनच थेट जावं लागतं आणि रजिस्ट्रेशनची पडताळणी कौन्सिलकडून. तुमच्या हातून गेलेला लिफाफा चालत नाही. म्हणजे कॉलेजचा क्लार्क, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची खिडकी आणि कौन्सिल, या तिघांच्या वेगानं तुमची परीक्षा येणार. हे काम निकाल लागल्याच्या महिन्यातच सुरू करा, अभ्यास झालेला नसला तरी. कॉलेज सोडून तीन वर्षं झाली की तोच क्लार्क तुम्हाला ओळखत नाही, आणि तुमच्या क्लिनिकल तासांची वही कुठल्या कपाटात आहे हे सांगणारी ट्यूटरही बदलून गेलेली असते.

कागद लवकर लावा, पण परीक्षेची फी लवकर भरू नका. नोंदणीचे २०० डॉलर, अमेरिकेबाहेर बसायचे आणखी १५० आणि वर कर, नापास झालात तर पुन्हा तेवढेच. नोंदणी ३६५ दिवस जिवंत राहते. तेवढ्यात राज्यानं पात्र ठरवलं नाही तर पैसे गेले. पात्र ठरलात की परवानगीपत्र येतं, त्याला सगळे एटीटी म्हणतात. त्याची मुदत राज्य ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९० दिवसांच्या आसपास, आणि ती वाढवून मिळत नाही. म्हणून माझं मत असं: अभ्यासाचं घड्याळ पदवीच्या दिवसाला बांधू नका, एटीटीला बांधा. ती येईपर्यंत रोज थोडे प्रश्न सोडवून हात गरम ठेवा, आणि आली की त्याच आठवड्यात तारीख घ्या. ‘थोडी तयारी होऊ दे’ म्हणत एटीटी संपवलेल्या मुली मी पाहिल्यात.

अमेरिकेतल्या मुली पदवीनंतर काही आठवड्यांत बसतात. जितका उशीर तितकं पास होणं अवघड, असं तिकडे सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण ज्यांना भीती वाटते त्याच पुढे ढकलतात हेही त्यात मिसळलेलं असतं. आपण तशा लवकर बसूच शकत नाही. बाँड (ठरलेला काळ इथेच नोकरी करायचा करार) असतो, घरी पगार हवा असतो. मग वर्षभर वॉर्ड करून बसावं का? करावा, मेडिसिन-सर्जरीचा तर नक्की करावा, कारण पेशंट बिघडताना कसा दिसतो हे पुस्तकात दिसत नाही. पण वॉर्डाच्या सवयी परीक्षेत नडतात. आपल्याकडे ऑपरेशनच्या पेशंटचं बीपी पडलं की आधी आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन. परीक्षा बहुतेकदा विचारते, तू स्वतः आधी काय तपासशील? आपण वॉर्डातल्या मदतनीस मावशींना ‘जरा बघा’ म्हणून सांगतो. तिथे नर्सनं मदतनिसाला काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही यावर प्रश्नच्या प्रश्न येतात. औषधांची नावंही तिकडची: पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिनला एपिनेफ्रिन. त्यांची एक वही करा आणि नाइटला वॉर्ड शांत झाला की चाळा.

तयारी झाली हे कसं ओळखायचं? एका विषयाचे प्रश्न सुटले म्हणून नाही. सगळे विषय मिसळलेले पंच्याऐंशी प्रश्न, वेळ लावून, एका बैठकीत, तेही ड्यूटीच्या दिवशी नाही. पेपर ८५ ते १५० प्रश्नांचा आणि पाच तासांचा असतो. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो, त्यामुळे चांगलं चाललं तरी अवघडच वाटत राहतं. एप्रिल २०२३पासून केस स्टडी आल्या आहेत, एकेका पेशंटवर सहा-सहा प्रश्न. त्याआधीची जुनी पुस्तकं सीनियरकडून मिळाली तर विषय वाचायला ठेवा, सराव त्यावर करू नका. परीक्षेचा आराखडा दर तीन वर्षांनी एप्रिलमध्ये बदलतो, तेव्हा तारीख त्या सीमेवर येत असेल तर कुठला लागू हे आधी पाहा.

आता तारीख. नाइटचा आठवडा संपून निदान चार-पाच दिवस गेलेले असावेत. केंद्र मुंबईचं घेणार आणि तुम्ही कोल्हापूर-नांदेडकडच्या असाल तर जुलै टाळा, नाहीतर आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे जाऊन राहा. पाऊस लोकल बंद करतो तेव्हा तुमची परीक्षा आहे का हे विचारत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत घरात अभ्यास होणार नाही हे मान्य करा, विसर्जनाच्या दिवशी केंद्राकडे निघायचा विचारही नको. नापास झालात तर पुढचा प्रयत्न ४५ दिवसांनंतरच, म्हणून घरात लग्न, बाळंतपण किंवा बाँडची शेवटची तारीख त्या ४५ दिवसांत पडते का तेही बघून घ्या.

रोस्टर भिंतीवर लागायच्या आधी इन्चार्ज सिस्टरना सांगा. रजेच्या अर्जात परदेशी परीक्षेचं लिहायचं की नाही, हे त्या कशा आहेत त्यावर. मी ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. त्यांनी सही करताना विचारलं, ‘सेंटर मुंबईच ना?’